पाणलोटाच्या धारेवर

मोगल अमदानीपासून वऱ्हाडाचे दोन भाग सरकारदरबारी ओळखले जात आले आहेत: डोंगराच्या माथ्यावरचा तो बालाघाट, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी पूर्णेच्या काळ्या मातीत पसरलेला तो पाईनघाट. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, पुढे अंमल बदलले, तालुक्यांच्या सरहद्दी पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या, दफ्तरांची भाषासुद्धा पालटली. परंतु बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला ठावठिकाणा सांगताना आजही 'घाटावरचा' किंवा 'घाटाखालचा' असेच सांगतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. या दोहोंच्या मधोमध अजिंठ्याच्या डोंगररांगेची जी धार पूर्वपश्चिम गेली आहे, आणि जिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, बुलढाणा शहर वसले आहे, ती धार पायी चालून जाणे हे माझ्या लेखी भूगोलाइतकेच तत्त्वचिंतनाचे काम आहे.

विलायतेतील डोंगरधारांवर हेदर नावाचे एक बुटके झुडूप उगवते, आणि उन्हाळा सरता सरता त्याच्या जांभळ्या फुलांनी कोसच्या कोस माळ झाकून जातात, असे वर्णन इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकाला परिचयाचे आहे. आंबट, निकस, वाऱ्याने झोडपलेल्या ज्या जमिनीत दुसरे काही धड वाढत नाही तेथे ते झुडूप सुखाने नांदते. आमच्या धारेवर त्याची जागा गवतांनी घेतली आहे. राजूर घाटाच्या माथ्यावरून बोथ्याच्या रानाकडे निघाले, की पावलाखाली मुरूम आणि काळ्या दगडाच्या कपऱ्या लागतात, आणि त्या दोन बोटे मातीवर कंबरेएवढे गवत उभे असते: कुठे शेडा, कुठे पवन्या, उतारावर रोषा आणि उघड्या बरडावर सर्वत्र कुसळ. आश्विन संपून कार्तिक लागला, की हिरवा रंग ओसरतो आणि साऱ्या धारेवर तांबूस, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी झाक चढते. रोषाचे पाते चुरगळले तर गुलाबाची आठवण व्हावी असा वास हाताला राहतो. खानदेश-वऱ्हाडच्या डोंगरांत या गवताच्या भट्ट्या लावून काढलेले तेल एके काळी मुंबई बंदरातून थेट इस्तंबूलपर्यंत जाई, आणि तेथील अत्तरांच्या व्यापारात गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. माळावरच्या ज्या जमिनीला महसूल खात्याने 'ई-क्लास' असा शिक्का मारून चराईसाठी बाजूला टाकले, तिच्या अंगी एवढा सुगंध असावा, याचा मला नेहमी आदर वाटत आला आहे.

गवतातून मधूनमधून सालई उभी असते, फिकट सालीची, कागदासारखे पापुद्रे सुटलेली. घळीकडे अंजन, धावडा, खैर, आणि खाली ज्ञानगंगेच्या अभयारण्यात साग. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, रोही आहे. २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळकडील टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला एक तरुण वाघ, गळ्यात यंत्राचा पट्टा वागवीत, दोन राज्यांची शेते, रस्ते आणि नद्या ओलांडून, तेराशेहून अधिक किलोमीटर चालून या अरण्यात येऊन पोहोचला होता. घाटावर आणि घाटाखाली यांतली सीमा त्याने कितीदा ओलांडली असेल, त्याची नोंद उपग्रहाने ठेवली. त्याला स्वतःला अशी काही सीमा असल्याची जाणीव असण्याचे कारण नव्हते.

पाण्याला मात्र ती सीमा आहे. बुलढाण्याच्या पश्चिमेस मढजवळ बुधनेश्वरापाशी पैनगंगा उगम पावते आणि माथ्याच्या मंद उतारावरून पूर्वेकडे वळते. ती वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला, आणि गोदावरी राजमहेंद्रीखाली बंगालच्या उपसागराला. त्याच डोंगराच्या उत्तर कड्यावरून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या खाली उतरतात त्या पूर्णेत. पूर्णा चांगदेवपाशी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ पश्चिम समुद्राला. एकाच ढगातून, एकाच क्षणी, दोन थेंब धारेच्या माथ्यावर वीतभर अंतराने पडतात आणि एक पूर्वसमुद्राचा होतो, दुसरा पश्चिमसमुद्राचा. भाद्रपदातल्या एखाद्या सरीनंतर त्या माथ्यावर खडकाच्या सपाट पाठीवर पाणी साचलेले पाहावे: ते क्षणभर थांबते, दोहोंकडे झुकते, आणि मग मधल्या एखाद्या खड्याच्या बाजूने फुटून निघून जाते. त्या पाण्यात कोणताही भेद नसतो. चवीला, रंगाला, शुद्धतेला ते एकच असते. तरीही एकाच्या वाट्याला गोदेचे खोरे येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, जेथे विहीर खणली तर पाणी खारट लागते आणि पिढ्यान्पिढ्या माणसे तेच पीत आली.

हे दृश्य पाहताना ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील एका अधिकरणाची आठवण न होणे, निदान मला, अशक्य आहे. तेथे प्रश्न असा उपस्थित होतो, की ईश्वर जर जगाचा कर्ता असेल तर त्याच्यावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो. कारण देव अत्यंत सुखी, पशू अत्यंत दुःखी आणि माणूस मधल्यामध्ये, अशी विषम सृष्टी त्याने केली. शंकराचार्यांनी भाष्यात याचे जे उत्तर दिले आहे ते पर्जन्याच्या दृष्टांताचे आहे. पाऊस भातावरही पडतो आणि जवावरही पडतो; दोन्ही उगवण्याचे तो साधारण कारण आहे; परंतु भात भात का झाला आणि जव जव का झाला, याचे कारण पावसात नसून त्या त्या बीजाच्या सामर्थ्यात आहे. तद्वत ईश्वर सर्वांना समान, आणि जीवांचे वैषम्य हे ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माचे फळ. पाली परंपरेतील मिलिंदप्रश्नातही राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला हाच प्रश्न विचारतो आणि नागसेनही झाडांच्या आणि बीजांच्या भेदाकडेच बोट दाखवतो. ज्या धर्माला ईश्वर मान्य नव्हता त्यालाही बीजाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ग्रीसमध्ये प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक'च्या शेवटी सांगितलेल्या कथेत आत्मे पुढचा जन्म स्वतः निवडतात, आणि म्हणून दोष निवडणाऱ्याचा, देवाचा नव्हे, असा निर्वाळा दिला आहे. इतक्या दूरच्या देशांत, इतक्या वेगळ्या बुद्धीच्या माणसांनी देवाची किंवा नियमाची कैफियत एकाच पद्धतीने मांडली: भोगणाऱ्याच्या अंगीच त्याच्या भोगाचे कारण असले पाहिजे.

दृष्टांत सुंदर आहे, आणि सपाट शेतात तो बिनचूक लागू पडतो. परंतु डोंगराच्या धारेवर तो अपुरा पडतो, असे माझे मत होत गेले आहे. शेतात जमीन सारखी असते, म्हणून दृष्टांतातून ती सहज गळून पडते. पाऊस आणि बीज ही दोनच कारणे नजरेपुढे राहतात. धारेवर जमीन सारखी नसते. तेथे तिसरे कारण उघडे पडते, आणि ते म्हणजे भूमीचा उतार. स्मृतिकारांना बीज आणि क्षेत्र यांचा वाद ठाऊक होता. पण तो त्यांनी घातला तो अपत्यावर आणि वारशावर कोणाचा हक्क, याचा निवाडा करण्यासाठी, आणि त्यात क्षेत्र म्हणजे स्त्री असे मानले. जीवाच्या सुखदुःखाचा विचार करताना क्षेत्राला स्वतंत्र साक्षीदार म्हणून कोणी फारसे बोलावलेच नाही.

कुसळाचे बीज हाती घेऊन पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पिकलेल्या कुसळाला खाली सुईसारखे टोक असते, त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात, आणि वर एक काळी, दोन ठिकाणी मोडलेली, दोरीसारखा पीळ घातलेली शेपटी असते. धारेवरून चालणाऱ्याच्या धोतराला ती शेकड्यांनी टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत शिरतात, आणि गवतावरही एकमेकांत गुंतून त्यांचे काळे गुंडे होतात. एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडावा: थोड्याच वेळात ती शेपटी हळूहळू फिरू लागते, पीळ सुटतो, मोड सरळ होत जाते, आणि वाळले की पुन्हा उलट पीळ भरतो. रानात दवाने भिजणे आणि उन्हाने वाळणे असे आळीपाळीने चालले, की या फिरण्याने टोक मातीत रुतत जाते आणि मागे वळलेले केस त्याला परत निघू देत नाहीत. ज्या बीजाला निश्चेष्ट म्हणावे तेसुद्धा असा आपल्या परीने पुरुषकार करीत असते. परंतु तेच बीज उघड्या खडकाच्या पाठीवर पडले तर कितीही फिरले तरी जागच्या जागीच फिरत राहते. त्याच्या सामर्थ्यात उणे काही नव्हते, पावसातही नव्हते. खाली माती नव्हती.

हा विचार केवळ गवताचा असता तर मी तो एवढ्या आग्रहाने मांडला नसता. देऊळगावराजा तालुक्यात, याच घाटावरच्या मुलखात, मेहुणा राजा नावाचे गाव आहे, आणि संत चोखामेळ्याचा जन्म तेथला, असे परंपरा मानते. चौदाव्या शतकातला हा महार जातीचा भक्त, त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा: एका घरातली इतकी माणसे अभंग रचीत होती, आणि त्यांतील एकालाही पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगात त्यांनी आपल्या हीन जन्माचे कारण मागच्या जन्मी आपण देवाची निंदा केली हेच असले पाहिजे, असे सांगितले आहे. ते वाचताना मला यातना होतात. ज्या पुरुषाच्या ठायी निंदेचा लवलेश नाही, त्याला स्वतःच्या दुःखाची उपपत्ती लावण्यासाठी एक न आठवणारा अपराध स्वतःच्या नावावर लिहून घ्यावा लागला. दृष्टांतातले बीजच जणू उभे राहून कबुलीजबाब देते, की खडक माझाच दोष.

सोयराबाईने तो जबाब तसा दिला नाही. देह विटाळाचा, हे सांगणाऱ्यांना तिने विचारले, की विटाळावाचून उपजलेला देह कोणता, आणि मग शुद्ध कोण. कर्ममेळा त्याहून पुढे गेला. त्याने आपल्या नावातल्या कर्माकडे बोट न दाखवता थेट विठ्ठलाला जाब विचारला, की आम्हाला या जातीत घालून, उष्टे खाऊन जगायला लावून, तुला कोणते सुख लाभले. बापाने सोसले आणि मुलाने फिर्याद गुदरली. मराठी धर्मविचारात या दोन पिढ्यांमधले अंतर मला कित्येक टीकाग्रंथांहून मोलाचे वाटते.

वेदान्त्याकडून येथे एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. तो म्हणेल: तुम्ही उताराला तिसरे कारण म्हणता; पण उतार आला कोठून? भूमीही कर्मानेच लाभते. सूत्रकारांनी लगेच पुढे सांगितले आहे, की संसार अनादि आहे. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज, याप्रमाणे कर्म आणि देह यांची साखळी आरंभ न सापडणारी आहे. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी पुन्हा धारेकडेच पाहावे लागते. हा डोंगर मुळात डोंगर म्हणून उपजला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर असा पसरला आणि त्याचे सपाट पठार झाले. घाटरस्त्याच्या कापणीत कोठे कोठे दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो एक थर निवून, कुजून, त्यावर दुसरा येईपर्यंतच्या दीर्घ विश्रांतीची खूण आहे. त्या सपाटीला उतार दिला तो पावसाने. आज ज्या घळीतून थेंब पूर्णेकडे जातो ती घळ मागच्या थेंबांनीच कोरली. इतकेच नव्हे, तर उत्तरेकडचा कडा उभा आणि दक्षिणेकडचा उतार मंद असल्यामुळे उत्तरेचे ओढे अधिक जोराने मागे मागे कोरीत जातात, आणि पाणलोटाची धार कणाकणाने दक्षिणेकडे सरकते. तेव्हा उतार हे पूर्वकर्माचे फळ आहे, हे मी वेदान्त्याला मोकळ्या मनाने मान्य करतो.

मान्य करता येत नाही ते एवढेच, की ते कर्म या थेंबाचे आहे. तो तर आत्ताच आकाशातून आला. ज्या घळीने त्याची दिशा ठरवली ती त्याच्या आधीच्या असंख्य पाण्याने मिळून कोरली. त्यात कोणा एका थेंबाची जबाबदारी वेगळी काढून दाखवता येणार नाही आणि कोणालाही अगदी निर्दोष सोडता येणार नाही. कर्माचा सिद्धांत मला येथे खरा वाटतो, परंतु व्यक्तीच्या खात्यावर मांडलेला नव्हे, तर साऱ्या गावाच्या सामाईक खात्यावर मांडलेला. चोखोबांचा जन्म ज्या जागी झाला ती जागा कर्मानेच हीन झाली होती; पण ते कर्म स्पर्श टाळणाऱ्यांचे होते, वेशीबाहेर वस्ती नेमणाऱ्यांचे होते, वतनात मेलेली गुरे ओढण्याचे काम लिहून देणाऱ्यांचे होते, आणि हे सारे आपल्या आधी होते तसेच चालू ठेवणाऱ्या तुमच्या-माझ्या पूर्वजांचे होते.

यावर शास्त्री म्हणतील, की एकाने करावे आणि दुसऱ्याने भोगावे हा 'अकृताभ्यागम' होय. न केलेल्याचे फळ पदरी पडणे, हा ज्या मतात संभवतो ते मत सदोष. अनेक शतके हा शब्द उच्चारला की वाद संपत आला आहे. मला वाटते, येथेच आपली फसगत झाली. न केलेल्याचे फळ पदरी पडणे हा सिद्धांतातला दोष म्हणून टाळता येईल, परंतु जगातून तो त्यामुळे नाहीसा होत नाही. जगात तो रोज घडतो, आणि जगात घडतो तेव्हा त्याचे नाव तर्कदोष नसून अन्याय आहे. आपल्या दर्शनांनी विश्वाची व्यवस्था निर्दोष ठेवण्याच्या हव्यासापायी अन्यायाला जागाच ठेवली नाही. जे जे भोगावे लागते ते ते केव्हातरी केलेले असलेच पाहिजे, असे एकदा ठरले की जगात अन्याय हा शब्द उच्चारण्याचे प्रयोजन उरत नाही. ईश्वर निर्दोष सुटला, समाजही त्याच निकालाच्या आडोशाने निर्दोष सुटला, आणि आरोपीच्या जागी जो मुळात फिर्यादी होता तो उभा राहिला.

ईश्वराचे निर्दोषत्व मलाही प्रिय आहे. परंतु पर्जन्यासारखा तटस्थ ईश्वर हा चोखोबांचा ईश्वर नव्हे. वारकऱ्यांच्या कथांतला विठ्ठल चोखोबांबरोबर गुरे ओढतो, त्यांच्या घरी जेवतो. तो समान वृष्टी करून बाजूला राहत नाही, तो उताराच्या खालच्या बाजूला येऊन उभा राहतो. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपुरात महाद्वारापुढे समाधी बांधली. देवळाच्या पायरीबाहेर. त्या पायरीच्या आत चोखोबांच्या जातीच्या माणसाला अधिकाराने जाता आले ते साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केल्यानंतर. मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या ग्रंथाचा विषयच असा, की अस्पृश्यता इतिहासात केव्हातरी, माणसांच्या हातून निर्माण झाली. म्हणजे घळ कोणी कोरली याचा तो शोध आहे. त्यातील ऐतिहासिक अनुमानांविषयी विद्वानांत मतभेद असोत. प्रश्न योग्य दिशेने विचारला गेला, ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

अलीकडे या डोंगरांवर 'माथा ते पायथा' या पद्धतीने पाणी अडवण्याची कामे होतात. समान उंचीची रेषा पकडून सलग समतल चर खणतात, निघालेल्या मातीचा बांध खालच्या अंगाला घालतात, आणि त्यावर गवत किंवा झाडे लावतात. चर हाताभर खोल असला तरी, जो थेंब घटकेत पूर्णेकडे धावला असता तो त्यात थांबतो, मुरतो, आणि पुढे कित्येक दिवसांनी खालच्या एखाद्या विहिरीत वर येतो. साडेसहा कोटी वर्षांचा खडक आणि युगानुयुगांच्या वृष्टीने कोरलेला उतार यांच्यापुढे तो चर किती क्षुद्र. तरी थेंबापुरता तो निर्णय फिरवतो. ज्यांना कर्म सामाईक मानणे म्हणजे व्यक्तीची जबाबदारी बुडवणे वाटते, त्यांनी हा चर अवश्य पाहावा. घळ कोणी कोरली हे एकेकट्याच्या नावे मांडता येत नाही. चर कोणी खणला आणि कोणी खणला नाही, हे मात्र मांडता येते.

राहिला प्रश्न त्या दुःखांचा, जी कोणाच्याच हातची नाहीत. खारपाणपट्ट्यातले मीठ कोणत्याही जातीने जमिनीत घातले नाही; जन्मांध मुलाची दृष्टी कोणत्याही गावाने हिरावली नाही. ख्रिस्ताच्या शिष्यांनी एका जन्मांधाकडे पाहून गुरूला विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि ख्रिस्ताने दोन्ही नाकारली, अशी कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मीही दोन्ही नाकारतो. आणि आपला लोकव्यवहार पाहिला तर तोही, जातीचा प्रश्न नसेल तेथे, हेच करतो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत खारे पाणी पिऊन माणसांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा त्यांच्या पूर्वजन्मीच्या पापांची चौकशी कोणी केली नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून गोडे पाणी नळाने गावोगाव न्यावे, अशी मागणी झाली, अर्ज झाले, योजना आखली गेली. मेहुणा राजाच्या वेशीबाहेर जन्मलेल्याला मात्र तुझ्या वाट्याचे हे पाणी तूच मागच्या जन्मी खारट केलेस, असे सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्यांनी आपली विहीर झाकून घेतली.